लोखंड फुटायची रीत

जुनं पुस्तक म्हणजे रद्दी, असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की मी अजूनही भांडते. घरातली मुलं म्हणतात, आजीला छेडायचं असेल तर तिच्या कपाटातल्या त्या जाड पुस्तकाला जुनाट म्हणा, पुढचा अर्धा तास फुकटची करमणूक. म्हणू देत. त्यांना माहीत नाही त्या पुस्तकानं काय केलं ते, आणि त्यापेक्षा जास्त, माणसांनी काय केलं नाही ते.

पुस्तक बंदुकांचं आहे. नळी कशी बनते, आत दारू पेटली म्हणजे काय होतं, छर्रे किती दूर जाऊन किती पसरतात, नळी फुटली तर कुठे आणि कशामुळे, हे सगळं त्यात जाडजूड इंग्रजीत आकृत्यांसकट लिहिलेलं आहे. माझे वडील जंगलखात्यात रेंजर होते. एक इंग्रज साहेब देश सोडून जाताना आपलं सामान विकत होता. बाकीच्यांनी खुर्च्या घेतल्या, कपबश्या घेतल्या, वडिलांनी हे पुस्तक घेतलं. आई त्यावरून त्यांना जन्मभर बोलली, कारण तिला त्या कपबश्या हव्या होत्या.

घरात दुसरं इंग्रजी पुस्तक नव्हतं, म्हणून मी इंग्रजी याच्यातून शिकले. वर्गातल्या मुली मांजर आणि उंदराची स्पेलिंगं घोकत होत्या तेव्हा मला ‘बॅरल’ आणि ‘प्रेशर’ येत होतं. बाईंनी एकदा विचारलं, तुम्हाला येणारा मोठ्यातला मोठा इंग्रजी शब्द सांगा. मी ‘व्हेलॉसिटी’ म्हणाले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शिवी दिली.

वडील एकेक पान माझ्याकडून वाचून घेत आणि मग आपली बंदूक मांडीवर ठेवून तेच दाखवत. ते म्हणत, या पुस्तकातला बाजारभाव जुना होईल, कारखान्यांची नावं जुनी होतील, पण लोखंडाला कॅलेंडर कळत नाही. मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं.

लग्न होऊन मी वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरला आले, सत्तर साल उलटून गेलं होतं. रीतीप्रमाणे बायका नवरीची ट्रंक बघायला जमल्या. साड्या निघाल्या, डबे निघाले, तळाशी हे निघालं. सासूबाईंनी उघडलं तर समोर दुनळी बंदुकीचं चित्र.

“अवं माय,” त्या म्हणाल्या, “हे काय आणलं? कोनाले मारतं काय इथं?”

बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. तेव्हा मला राग यायला वेळ लागत असे.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. त्यांची शेती मोठी, कापूस, ज्वारी, थोडा भुईमूग. रानडुकरांचा त्रास फार, म्हणून पीक राखायचा परवाना आणि एक दुनळी बंदूक घरात होती. ती बंदूक म्हणजे घराची अब्रूच. पाहुणे आले की खुंटीकडे त्यांची नजर जाईल अशा बेतानं मामाजी त्यांना बसवत. पावसाळ्यात तिला गंज लागू नये म्हणून त्यांची एक रीत होती, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. घरचा कापूस घ्यायचा, सरकीच्या तेलात भिजवायचा, पिळायचा, त्याचा घट्ट बोळा करायचा आणि काडीनं तो नळीच्या तोंडातून चांगला दोन वीत आत ढकलायचा. दोन्ही नळ्यांत एकेक. बाहेरची ओल आत जायला नको आणि तेल आतून झिरपत राहावं. मग बंदूक खुंटीवर. दसऱ्याला बोळे काढायचे, हत्याराची पूजा करायची आणि आभाळात पहिला बार काढायचा. गावात आणखी तीन-चार बंदुका होत्या, सगळ्यांकडे हेच.

पहिल्याच पावसाळ्यात मी ते पाहिलं. मी म्हणाले, “मामाजी, बोळा आत अन् बार काढला तं नळी फुटते.”

ते ओसरीवर बसले होते, चारदोन माणसं सोबत होती. त्यांनी काडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे अगदी मायेनं पाहिलं.

“कापसानं?”

“हाव.”

“ऐका बाप्पा! आमची सूनबाई म्हन्ते कापसानं लोखंड फाटते. मंग तं जिनिंगातल्या मशिनी रोजच फुटाले पायजे!”

ओसरी हसली. मी आत जाऊन पुस्तक आणलं, पान काढलं, आकृती दाखवली. फुगून फाटलेली नळी होती त्यात. मामाजींनी चष्मा लावून आकृती पाहिली आणि पुस्तक मला परत दिलं. म्हणाले, “गोऱ्या सायबाले कापूस काय मालूम? त्यानं कदी एक बोंड तरी तोडलं काय?”

इथं चूक कशी झाली ते मला सांगायलाच हवं. ही चूक आमच्याच भागात होऊ शकते. ज्यांचा जन्म कापसात गेला, ज्यांनी लहानपणी कापसाच्या ढिगात उड्या मारल्या, त्यांना कापूस म्हणजे मऊ, एवढंच माहीत. बार निघाला की बोळा छऱ्यांसोबत उडून जाईल, असंच सगळे धरून चालत. नळीच्या तोंडाशी सैल अडकलेला बोळा एखाद्या वेळी गेलाही असेल उडून. पण तेलात भिजलेला, ठासून बसवलेला बोळा छऱ्यांना वाटेत क्षणभर अडवतो, आणि त्या क्षणात त्या जागी दाब इतका चढतो की नळी तिथं कड्यासारखी फुगते नि फाटते. माती असो, फडकं असो, बर्फ असो, वाटेत मऊ काय नि कठीण काय. पुस्तकात पुढे हेही होतं की काडतुसात दारू जास्त पडली तर बंदूक फुटते ती मागं, जिथं काडतूस बसतं तिथं. पुढे, नळी धरणाऱ्या डाव्या हाताच्या मुठीजवळ, कडं येऊन फुटली असेल तर अडथळा शोधावा. शोधावा, असं लिहिलं होतं. आमच्याकडे कोणी काही शोधत नाही. आमच्याकडे माणूस धरतात.

आणीबाणीच्या आधीच्या एका भाद्रपदात, भुईमूग भरला होता, दिवस मावळायला आला होता. डुकरांचा कळप शेतात शिरल्याची हाक आली. माझ्या नवऱ्यानं खुंटीवरची बंदूक ओढली, खिशात काडतुसं कोंबली आणि पळाला. मी मागून ओरडले, “बोळे काढा!” त्यानं हात वर केला, म्हणजे ऐकलं. मग एक बार ऐकू आला. तो नेहमीसारखा नव्हता, हे मला घरातच कळलं.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठा राहिला, पण पुढे तो नीट मिटला नाही. हिंगणघाटला पट्टी बांधून रातोरात वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, डोळे वाचले. मी देवाला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले तर अंगणात ती बंदूक पडली होती, पोलीस यायचे होते. मी ती उचलून पाहिली. काडतूस बसतं तो मागचा भाग धड, एक चीर नाही. मुठीच्या थोडं पुढे उजवी नळी कड्यासारखी फुगली होती आणि त्या कड्यावरच उललेली होती. पुस्तकातल्या आकृतीनं खोलीबाहेर येऊन अंगणात पडावं तशी. डाव्या नळीत मी काडी घातली. दोन वितींवर ती अडली. बोळा अजून तिथंच होता.

मी मामाजींना हाक मारली. “हे पाहा. दुसरा बोळा आतच हाय.”

मामाजींनी माझ्या हातातली काडी घेतली, बंदूक घेतली, आणि माझ्या देखत तो बोळा उकरून काढून चुलीत टाकला. मग म्हणाले, “काडतूस जास्त भरलं होतं. फौजीनं जास्त दारू टाकली.”

हा माणूस रोज सकाळी तुळशीला पाणी घालत असे.

फौजी कोण, ते सांगते. आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीत राहणारे, फौजेत नोकरी करून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ. सारं गाव त्यांना फौजी म्हणे. आमच्या घरात त्यांचा उल्लेख अरेतुरेनंच होई, मी भाऊ म्हणे. रिकाम्या काडतुसांत पुन्हा दारू आणि छर्रे भरून द्यायचा त्यांच्याकडे परवाना होता. नवी काडतुसं मिळत नसत, मिळाली तर परवडत नसत, म्हणून आसपासच्या सगळ्या बंदुकवाल्यांची काडतुसं तेच भरत. सोनाराकडची असते तशी छोटी तागडी घेऊन ओट्यावर बसत. भरताना कोणी बोलायला आलं तर हातानंच थांबवत. पेन्शन तुटपुंजी, घर या कामावर चाले.

मामाजींनी पोलिसांत लिहून दिलं की काडतूस निष्काळजीपणे भरल्यामुळे मुलगा जायबंदी झाला. का, ते उघड होतं. बंदूक नीट न सांभाळल्याचं सिद्ध झालं असतं तर परवाना गेला असता. आणि त्याहून मोठी गोष्ट, कापसानं लोखंड फाटतं हे कबूल करावं लागलं असतं, तेही सुनेपुढे. खापर फोडायला वस्तीतला माणूस सोयीचा होता. त्याच्या बाजूनं ओसरीवर कोण बोलणार होतं?

फौजींना धरून नेलं, जामिनावर सोडलं. तागडी, साचे, डबे, परवाना, सगळं जप्त. हत्यारं तपासणाऱ्या कोणा माणसानं कागदावर लिहिलं, ‘जास्त दारूमुळे फुटली असावी.’ असावी! एका माणसाचं घर मोडायला निघालात आणि ‘असावी’ लिहिता? त्या शब्दाचा मला आजही संताप येतो. नळीवर बोट फिरवायला किती वेळ लागला असता?

दवाखान्यात मी नवऱ्याला विचारलं, “बोळे काढले होते?”

तो भिंतीकडे बघत राहिला. “घाई होती.”

“म्हणजे नाही काढले.”

“बाबानं लिहून देल्लं आता. मी काय सांगू? बाप खोटा हाय म्हनू?”

“हो, म्हणा.”

त्यानं डोळे मिटून घेतले. दुखत होतं त्याला, मला दिसत होतं. पण दुखण्याच्या आड लपून बसला होता, तेही दिसत होतं.

मग मी पुस्तक पिशवीत घातलं आणि वस्तीत गेले. आमच्या घरची सून तिथं पाय ठेवत नसे. फौजींच्या बायकोनं मला पाहून दारातच पदर सावरला, आत या म्हणावं की नाही तिला कळेना. मी आपणच आत जाऊन चटईवर बसले.

फौजी कोपऱ्यात बसले होते. दाढी वाढलेली. माझ्या नवऱ्याची तब्येत त्यांनी आधी विचारली. मग म्हणाले, “बाई, मले वाटते माह्याच हातून झालं.”

“काय झालं?”

“त्या दिवशी घरी पाहुने आल्ते. ध्यान भलतीकडं गेलं अशीन. एखांद्या काडतुसात दारू दोनदा पडली अशीन. वकील म्हन्ते गुन्हा कबूल करा, दंडावर भागवू. मी म्हनलं करतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर ज्यानं दारूचा कण न सांडता काम केलं, त्याला आठ-दहा दिवस चारचौघांनी ‘तूच, तूच’ म्हटलं आणि त्यानं ते मानलं! कबूल केलं की परवाना कायमचा गेला. फौजेत इमानानं नोकरी केलेल्या माणसाच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का. आणि वर दंड भरून यांनीच हात जोडायचे.

मी पुस्तक उघडलं. इंग्रजी वाचलं, मराठीत सांगितलं. आकृती त्यांच्यापुढे धरली. जास्त दारूची फाट कुठे, अडथळ्याची कुठे. मग बंदूक मी कशी पाहिली ते सांगितलं, डाव्या नळीतला बोळा सांगितला, चूल सांगितली.

फौजींनी आकृतीवर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं.

“हे मले मालूम होतं,” ते हळूच म्हणाले. “फौजेत शिकोलं होतं आमाले. हे मी काऊन विसरलो?”

“तुम्ही विसरले नाही, भाऊ. तुम्हाला विसरवलं.”

त्यांची बायको इतका वेळ उभीच होती. ती आता खाली बसली. “बाई, हे कोर्टात सांगान काय तुमी?” तिनं सरळ विचारलं. फौजी तिला गप्प करू लागले, पण ती माझ्याकडेच बघत होती. मी ‘हो’ म्हणाले.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. मामाजी ओसरीत उभे होते.

“वस्तीत गेलती?”

“गेलते.”

“कोर्टात उभी राह्यली तं या घरात परत याचं नाई.”

“घर तुमचं आहे,” मी म्हणाले, “पण बोळाही तुमचाच होता.”

सासूबाई रडू लागल्या. मला माहेरी पाठवायची भाषा झाली. वडील तेव्हा वारले होते, माहेरी भावाचा संसार होता, जाणार कुठे? तरी मी ट्रंक भरली. नवऱ्यानं ती अडवली नाही आणि उचलूनही दिली नाही. शेवटी लोक काय म्हणतील या भीतीनं मामाजींनीच मला घरात राहू दिलं. मी राहिले, पण त्या ओसरीशी माझं बोलणं संपलं.

फौजींच्या वकिलानं पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उलटून साल पाहिलं आणि नाक मुरडलं.

“बाई, हे स्वातंत्र्याच्या आधीचं आहे. कोर्टात हसतील.”

“मग काय, स्वातंत्र्यानंतर लोखंडानं फुटायची रीत बदलली काय?”

त्याच्या टेबलावर कायद्याची पुस्तकं होती, त्यांत दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या जागोजाग चिकटवलेल्या. दरवर्षी नवी चिठ्ठी. माझ्या पुस्तकात एकही चिठ्ठी नव्हती, कारण नळीतल्या दाबाला कोणी दुरुस्ती सुचवत नाही. हे मी त्याला ऐकवलं. तो ओशाळला की वैतागला माहीत नाही, पण शास्त्राचं पुस्तक कोर्टापुढे ठेवता येतं, असं पुटपुटत त्यानं कबूल केलं.

तारखा पडत गेल्या. हिंगणघाटच्या कोर्टात मी साक्षीला उभी राहिले तेव्हा दालन भरलं होतं. अल्लीपूरहून माणसं मुद्दाम आली होती, जत्रेला यावं तशी. सरकारी वकिलानं विचारलं, शिक्षण किती? मॅट्रिक. बंदुकीचं तुम्हाला काय कळतं? म्हटलं, वडिलांची चालवली आहे आणि हे पुस्तक पाठ आहे. मागं हशा झाला. वकील म्हणाला, “म्हणजे स्वयंपाकघरातल्या तज्ज्ञ.” मी म्हणाले, “हो, बोळा जळाला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातच होते.” हशा थांबला.

मॅजिस्ट्रेट तरुण होते. त्यांनी पुस्तक मागून घेतलं. बराच वेळ वाचलं, मागचं पुढचं पान पाहिलं. मग बंदूक मागवली आणि स्वतः नळीवर बोट फिरवलं, मागून पुढे, सावकाश. कड्यापाशी बोट थांबलं. त्या वर्षात कोणी पहिल्यांदाच ते बोट फिरवत होतं.

त्यानंतर मॅजिस्ट्रेटनी माझ्या नवऱ्याला पुन्हा साक्षीला बोलावलं आणि स्वतः विचारलं.

“बार काढण्यापूर्वी नळीतले बोळे काढले होते का?”

नवरा उभा होता, डावा हात उपरण्यात गुंडाळलेला. समोर मामाजी, बाजूला मी, पिंजऱ्यात फौजी. फौजी त्याच्याकडे बघत होते, रागानं नव्हे, आशेनं. या मुलाला त्यांनी लहानपणी बंदूक धरायला शिकवलं होतं.

“काढले होते,” नवरा म्हणाला.

मी त्या माणसासोबत पुढेही संसार केला, त्याला औषधं दिली, त्याची पोरं वाढवली. पण ते दोन शब्द मी त्याला कधी माफ केले नाहीत आणि करायचेही नाहीत.

मॅजिस्ट्रेटनी निकालात लिहिलं की साक्षीदार काही म्हणोत, नळी स्वतः सांगते आहे. फौजी सुटले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना हार घातला. वकील मला म्हणाला, “मानलं बाई पुस्तकाला.” मला मानायला लावायचं नव्हतं कोणाला. मला ओसरीतल्या एका माणसाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं.

ते काही आलं नाही. मामाजींनी नवी बंदूक घेतली नाही, पण शेवटपर्यंत ते म्हणत राहिले की कोर्टात बाईच्या जिभेनं काम केलं. गावातल्या उरलेल्या बंदुकवाल्यांनी मात्र गुपचूप बोळे बंद केले. त्यांतला एकजण मागच्या दारानं येऊन आकृती पाहून गेला आणि ‘कोनाले सांगू नका’ म्हणाला. ज्ञान पाहिजे, पण चोरून! पुढे नागपूरला एका दुकानात मला याच विषयाचं नवं कोरं पुस्तक दिसलं. उभ्याउभ्या मी तेच प्रकरण काढलं. चित्रं गुळगुळीत कागदावर, बाकी तेच. मागं फुटली तर दारू, पुढे कडं आलं तर अडथळा. मी ते मिटून ठेवून दिलं आणि वडिलांची इतकी आठवण आली की दुकानातच डोळे भरले.

फौजींची तागडी परत मिळाली, पुढे परवानाही मिळाला. पण त्यांनी पुन्हा काडतूस भरलं नाही. लोक घेऊन येत, ते परत पाठवत. बायको मजुरीला जाऊ लागली. बाजारात भेटले की ते मला एकच विचारत, “बाई, त्या पुस्तकात पक्कं लिवलं हाय ना?” मी म्हणे, पक्कं. “पन दारू जास्त पडली अशीन अन् बोळाबी अशीन, असं नसन ना?” मी म्हणे, नाही भाऊ, मागची जागा धड होती. ते मान हलवत. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. कधी कधी घराच्या मागं येऊन उभे राहत आणि ते पान वाचून दाखवा म्हणत. कोर्टानं सोडलं होतं. ज्यांनी बांधलं होतं त्यांनी नव्हतं सोडलं.

ऐंशीनंतर मामाजी गेले. काही वर्षांनी फौजी आजारी असल्याचं कळलं, ते मुलीकडे जाम गावी राहायला गेले होते. मी नवऱ्याला म्हणाले, “कपडे घाला, जामला जायचं आहे.” तो का म्हणून विचारणार होता, पण माझं तोंड पाहून त्यानं विचारलं नाही.

फौजी बाजेवर पडले होते, अंगाचं नुसतं कातडं उरलेलं. मला पाहून त्यांना बरं वाटलं. नवऱ्याला पाहून ते उठून बसायला लागले. त्यांनी त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला.

“दुखते काय अजून?”

“थंडीत दुखते,” नवरा म्हणाला.

फौजी मग माझ्याकडे वळले. “बाई, ते पान वाचता काय एक डाव?”

“आज पुस्तक आणलं नाही, भाऊ. आज यांना आणलं.”

फौजी नवऱ्याकडे बघत राहिले, कोर्टात बघत होते तसेच. नवरा उठला. मला म्हणाला, “चाल, बस जाईन.”

“जाऊ द्या बस.”

मी जागची हलले नाही. मुलगी दारात येऊन उभी राहिली. नवरा पुन्हा बसला, बोटं नसलेला हात त्यानं मांडीवर ठेवला आणि त्या हाताकडे बघून बोलला.

“बोळा आतच होता. मले मालूम होतं.”

फौजींनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता सुटले. पण त्यांनी डोळे उघडले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “मंग तवा काऊन नाई बोलले, बाबू?”

नवऱ्यानं तो हात उपरण्यात गुंडाळून घेतला. फौजींनी गोधडीतून आपले दोन्ही हात बाहेर काढून डोळ्यांपुढे धरले आणि उलटेपालटे करून बघत बसले.